बालीचा डेंग्यू

उपेंद्र ऑफिसच्या मंडळींबरोबर बालीला गेला आणि येताना डेंग्यू घेऊन आला. खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण रिपोर्ट हातात पडला तसा त्याचा चेहरा भर तापात प्रमोशन मिळाल्यासारखा खुलला. ते राहत होते त्या मारतहळ्ळीत नाल्याकाठच्या लोकांना होतो तो डेंग्यू वेगळा आणि आपला वेगळा, अशी त्याची पक्की समजूत. पडल्या पडल्या त्याने फोनवरून गावभर कळवलं. प्रत्येक फोनमध्ये डेंग्यू एकदा यायचा आणि बाली चारदा.

स्वयंपाकघरातून हे ऐकताना कल्पनाच्या अंगाचा तिळपापड होत होता. दोन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला, तेव्हा याच नवऱ्याने शेजाऱ्यांना 'व्हायरल आहे' म्हणून सांगितलं होतं. ती हॉस्पिटलात सलाईनवर, आणि हा तिच्या कानाशी येऊन म्हणतो, आजाराचं नाव काढू नकोस, लोक म्हणतील यांचं घर घाण. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! बायकोचा डेंग्यू गटारातला, साहेबांचा समुद्रकिनाऱ्यावरचा.

पण यावेळी प्रश्न मानापमानाचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. ताप आहे तोवर उपेंद्रला चावलेला डास पुढे आठवड्या-दीड आठवड्यात घरातल्या दुसऱ्याला तोच आजार देऊ शकतो. कल्पनाला एकदा होऊन गेलेला. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर जिवावर बेतू शकतं. हा डास दिवसा चावतो, म्हणून ताप उतरेपर्यंत उपेंद्रने दिवसासुद्धा मच्छरदाणीतच राहायचं. उपेंद्रने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हातखंडाच होता, ऑफिसातही तो तेवढ्यावरच वर चढला होता.

कल्पनाने लगेच मच्छरदाणी आणून बांधली. सकाळी बघते तर ती सोडून, गुंडाळून कोपऱ्यात टाकलेली. मराठी मंडळाचे लोक भेटायला येणार होते आणि जाळीत बसलेला माणूस फार गावंढळ दिसतो, असं उपेंद्रचं म्हणणं. शिवाय बाराव्या मजल्यावर डास येतातच कुठे, हे ज्ञानही त्याने पाजळलं. मग मला चावलेला काय लिफ्टने आला होता, असं तिने विचारलं, तर तो नुसता हसला.

तिने पुन्हा बांधली. त्याने पुन्हा सोडली, वर पाहुण्यांना वारा लागावा म्हणून बाल्कनीचं दार सताड उघडलं. तेव्हा मात्र कल्पनाने त्याच्यापुढे हात जोडले. मला भीती वाटते, म्हणाली. खरंच वाटत होती. मागच्या वेळी हिरड्यांतून आलेलं रक्त ती विसरली नव्हती.

"तू ना, प्रत्येक गोष्ट स्वतःवर ओढून घेतेस," उपेंद्र म्हणाला. "आजारी मी आहे. आणि पोहे जरा जास्त कर, बरेच जण येणारेत."

कल्पनाने त्याच्या उशाशी पाणी, तापाच्या गोळ्या आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर ठेवला. धाकट्या दिराला बोलावून घेतलं, काय द्यायचं, कशावर लक्ष ठेवायचं ते सगळं नीट सांगितलं. मग बॅग भरली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीला बहिणीकडे, अमृताकडे निघून गेली. वाटेत तिला रडू आलं, पण गाडी वळवावी असं एकदाही वाटलं नाही.

ती पोचते न पोचते तोच उपेंद्रचा फोन आला. मागे मंडळींचा हशा चालला होता. त्याने फोन स्पीकरवर ठेवलाय, हे तिला पहिल्या शब्दालाच कळलं.

"अगं, आहेस कुठे तू? सगळे विचारताहेत. काय सांगू यांना?"

"खरं तेच सांगा," कल्पना म्हणाली. "म्हणावं, बायकोला जगायचं होतं."