पंप शेवगावला, बोट नेवाशाला

मित्रांनो, मी एक जुनी रबरी बोट आहे. अंगावरचा केशरी रंग विटला, पण नदीत मी एकदाही उतरले नाही. याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा पंप, वल्ही, जॅकेटं असा आमचा एकत्र संसार होता. दरवर्षी पावसाळ्याआधी मला फुगवून पूरमदतीच्या सरकारी गोदामाच्या अंगणात मांडत, नारळ फोडत. साहेबलोक शेजारी उभे राहून फोटो काढत. मग घडी घालून पुन्हा आत.

पुढे गोदामाचे प्रमुख आप्पासाहेब यांनी वर्गवारी काढली. तालुक्यांनी सामान वाटून घ्यायचं आणि एका जातीची वस्तू एकाच जागी ठेवायची. बोटी नेवाशाला. पंप सगळे शेवगावला, पाणी उपसायच्या पंपांशेजारी. जॅकेटं अकोले तालुक्यात, चादरींबरोबर, कारण तीही अंगावर घ्यायची! गोदाम लख्ख दिसू लागलं आणि आप्पासाहेबांचा सत्कार झाला.

गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सुटलं आणि प्रवरा वस्तीत शिरली. गोजरबाई आणि तिचा नवरा बन्सी पत्र्याच्या छपरावर अडकले. गावकऱ्यांनी मला टेम्पोत घालून काठावर नेलं. पण हवा कशानं भरणार? शेवगावचा रस्ता पाण्याखाली होता. सायकलचा पंप माझ्या तोंडाला बसेना. शेवटी करण नावाच्या पोहणाऱ्यानं गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, पाण्यात ढकलली. तिच्यात एका वेळी एकालाच आणता येत होतं.

"तू हो म्होरं," बन्सी बायकोला म्हणाला. "मी हाय हितं."

गोजरबाई काठाला लागली. काहील परत पोचेपर्यंत छप्पर वाहून गेलं होतं. मी काठावर घडी घातलेल्या सतरंजीसारखी पडून होते. माझ्यात आठ माणसं बसतात.

पुढे गोजरबाई मदतीची भांडी न्यायला गोदामात आली. मला बघून थबकली.

"ही हितंच हुती?"

"होती, पण पंप शेवगावला," आप्पासाहेब म्हणाले. "वर्गवारीच तशी आहे."

"मानसांची बी केलीच की तुमी," ती म्हणाली. "बायकू काठाला, नवरा पान्यात."

भांडी तिथंच ठेवून ती निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या गावची बोट किती छान ठेवली आहे म्हणून कौतुक करू नका. तिचा पंप कुठे आहे, ते आधी विचारा. माझा अजून शेवगावलाच आहे.