एकवीस किलोमीटरच्या दुसऱ्या दिवशी

गजर वाजला तेव्हा तिच्या पोटऱ्यांचे दगड झाले होते. आदल्या दिवशी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती पहिल्यांदाच एकवीस किलोमीटर धावली होती. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत दिवसभर उभं राहून चादरींना इस्त्री करणारी बाई. पाय दुखणं तिला नवं नव्हतं, पण हे दुखणं काही वेगळंच होतं.

"झोप ना गं," नवरा पांघरुणातूनच म्हणाला. "काल केलीस तेवढी तंगडतोड पुरे."

"ताईंनी सांगितलंय, दुसऱ्या दिवशी थोडं सावकाश पळायचंच. नाहीतर पाय आखडतात."

ताई म्हणजे तिची नणंद, शाळेत खेळ शिकवणारी. वर्षभर तिनेच हिला तयार केलं होतं.

ती भिंत धरून उठली. वाकवेना, म्हणून स्टुलावर बसून कसेबसे बूट चढवले. तेवढ्यात मुलगा बाहेर आला. सव्वीस वर्षांचा, बँकेत नोकरी, पोट सुटलेलं.

"किती सावकाश पळणार?"

"गोगलगाय हसेल इतकं."

"मग मीही येतो."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याने पलंगाखालून खरंच जुने बूट ओढून काढले.

जिना ती कठडा धरून उलटी उतरली. पहिली पाच मिनिटं मांड्या नुसत्या शिव्या घालत होत्या. काठी टेकत चाललेले एक आजोबा बराच वेळ त्यांच्या बरोबरीनेच होते, तेव्हा मायलेकांना हसू आवरेना. मग हळूहळू तिचं अंग मोकळं झालं. मुलाचा मात्र भाता सुरू झाला.

"बोलता येतंय तोवर ठीक. बोल काहीतरी."

"काय... बोलू... मेलो..."

"मग जरा चालू या."

कालच्या शर्यतीत ती शेवटून चौथी आली होती. आज कुणालातरी तिची बरोबरी करणं जड जात होतं.

पुलापासून परतताना कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने हाक मारली, "काय साहेब, आज आईला पळायला आणलंत?"

मुलगा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाला, "मी नाही हो, आईने मला आणलंय. काल एकवीस किलोमीटर धावली ती. एकवीस! एकदाही न थांबता."

पेपरवाल्याने हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"काहीतरीच" म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण ती म्हणाली, "हो, धावले."

मग मुलाच्या पाठीवर थाप मारून ती पुढे निघाली. "चल, अजून एक चौक राहिलाय."