मालेगावचा मिसकॉल

नीलमचं लग्न होऊन ती मुलुंडला नांदायला गेली, ते साल दोन हजार बावीस. त्याच साली दिवाळीनंतर तिचा बाप दादू इंगळे खामगावला बहिणीला भेटायला निघाला. मुलगा प्रितम चारकोपच्या कारखान्यातून प्लास्टिकच्या बादल्या भरून तिकडेच टेम्पो नेणार होता. दादू त्याच्या शेजारी बसला. सदतीस वर्षं त्याच रस्त्यावर ट्रक चालवलेला माणूस, आज पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर.

पहाटे पाचला गाडी हलली, तशी घरी त्याच्या बायकोने, वनमालाने, ओट्यावर ताटली ठेवली आणि बारा चिंचोके मोजून घेतले. भिवंडी, शहापूर, इगतपुरी, नाशिक, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे, जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव. गाव आलं की दादू एक रिंग देऊन कट करायचा. ती एक चिंचोका ताटलीत टाकायची. फोन मात्र उचलायचा नाही. चौदा वर्षांपूर्वी एकदाच तिने उचलला होता, "जेवलात का?" एवढंच विचारलं होतं, आणि कसारा घाटात दादूचा ट्रक कठड्याला घासत गेला होता. घरी आल्यावर त्याने भिंतीवरच्या भीमरायाच्या फोटोसमोर तिच्याकडून वचन घेतलं. "किती का वाजेना, तू उचलायचा नाही."

पावणेदहाला चांदवडची रिंग आली. सहावा चिंचोका पडला. नीलम सकाळीच माहेरी आली होती, मेथी निवडत बसली होती.

"आई, आता फोन फुकट आहेत गं. बोल ना सरळ."

"बोलून काय करू? गाडी आली का नाही, एवढं कळलं म्हणजे झालं."

"आणि बाबा तर चालवतही नाहीयेत."

"पोरगा चालवतो ना! यांनी बोलायला सुरुवात केली की त्याचं लक्ष इकडे."

साडेदहा वाजून गेले. वनमालाने सातवा चिंचोका बोटांत धरून ठेवला होता. घामाने तो चिकट झाला.

मग फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. थांबेना.

"कट करा बाप्पा," ती फोनकडे बघून म्हणाली. "कट करा ना!"

"आई, उचल."

"काहून उचलू? बटण दाबलं गेलं नसेल."

नीलमने हात पुढे केला, तर आईने फोनवर पंजा ठेवला. पंजाखाली फोन थरथरत राहिला, मग गप्प झाला. लगेच पुन्हा सुरू झाला. या वेळीही वनमालाचा पंजा निघाला नाही. कसाऱ्याचा तो कठडा तिने कधी पाहिलाच नव्हता, तरी तोच डोळ्यांपुढे आला.

फोन थांबला.

"हा मालेगावचा धरायचा का नाही गं?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

नीलमने आपला फोन काढला. प्रितमला लावला. रिंग गेली, त्याने उचलला नाही. चालवताना तोही उचलत नसे. बापाची शिकवण.

सव्वाअकराला प्रितमचा फोन आला, नीलमला. ती ऐकत राहिली. मेथीची जुडी तिच्या मांडीवरून घसरली.

"काय म्हणतो? गाडी ठोकली का? प्रितम बरा आहे ना?"

"तो बरा आहे, आई. गाडीला काही नाही झालं." नीलम आईजवळ सरकली. "बाबांच्या छातीत दुखायला लागलं होतं. तो दवाखान्याकडे पळवत होता गाडी. बाबा म्हणाले, तू रस्ता बघ, मी तिच्याशी बोलतो. आणि तुला फोन लावत होते."

वनमालाने मूठ उघडली. चिंचोका तळहाताला चिकटून राहिला होता.

दादू इंगळे, वय सदुसष्ट, सोमवार दिनांक १४ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास, मालेगाव चार किलोमीटर राहिलं असताना, टेम्पोत वारला.