नऊ-पाच-चारचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मला किल्ली नाही. माझ्या पोटावर आकड्यांची तीन कडी फिरतात. ठरवलेला आकडा जुळला की मी उघडतो. जन्म कुलपांसाठी नावाजलेल्या अलीगढचा, त्यामुळे अंगात थोडा तोरा आहेच!

सत्तरच्या दशकात कारंज्याचे कापसाचे व्यापारी शिखरचंदशेठ यांनी वडिलांची जुनी पुस्तकं काचेच्या कपाटासकट गावातल्या कॉलेजला दिली आणि कपाटाला मला लावलं. तसली इतिहासाची पुस्तकं बाजारात मिळायची नाहीत. मुलं ग्रंथालयातच बसून टिपणं काढायची, कारण घरी न्यायला शेठची मनाई होती.

ग्रंथपाल होते देवमन सरकटे. घराण्यात कॉलेज शिकलेले ते पहिलेच, पुस्तक नेहमी दोन्ही हातांनी उचलायचे. त्यांनी माझा आकडा ठरवला, ९५४. ग्रंथालयात प्रत्येक विषयाला क्रमांक असतो आणि हा भारताच्या इतिहासाचा. ग्रंथपालाला दुसरं काय सुचणार!

एके दिवशी कपाटातलं वऱ्हाडच्या इतिहासाचं पुस्तक गायब झालं. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. शेठ तणतणत आले.

"कुलूप साबूत, काच साबूत. मंग पुस्तकाले पाय फुटले काय? आकडा तं तुमच्याच जवळ व्हता! दिवाळीपावतर भेटलं नाई तं कपाट वापस नेतो."

देवमनभाऊंचं तोंड एवढंसं झालं. स्वतःवर चोरीचा आळ आणि वर मुलांची पुस्तकं जाणार! मला त्यांचं फार वाईट वाटलं. शेठ गेल्यावर ते कपाटासमोर उभे राहिले आणि एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारला. काचेआड प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी होती, ९५४.

"घ्या! चोराले आकडा म्याच लिहून देल्ला!"

तिथल्या तिथं त्यांनी माझा आकडा बदलला. घरीदारी कोणालाही सांगितला नाही.

पुढच्याच आठवड्यात सेवालाल नावाचा विद्यार्थी सदऱ्याखाली तेच पुस्तक लपवून आला. त्यानं ९५४ जुळवलं, मला ओढलं, पुन्हा जुळवलं. मी ढिम्म! एवढा अभिमान मला जन्मात कधी वाटला नव्हता. गुपचूप ठेवून जायची वाट बंद झाली, तेव्हा बिचाऱ्याला देवमनभाऊंच्या टेबलापाशी जावंच लागलं.

"सर, म्याच नेलं व्हतं. माही एसटी लवकर निंगते. इथं बसून वाचनं व्हत नाई."

"मंग मले काहून नाई मांगतलं?"

"घरी न्याचं नाई, असा नियम हाय नं, सर."

देवमनभाऊ पुस्तक घेऊन थेट शेठच्या दुकानी गेले. आपली चूक त्यांनी सांगितली आणि नियमातलीही सांगितली. तिथं काय झालं ते त्यांनी परत आल्यावर सेवालालला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

"कपाट राहू द्या तिथंच," शेठ म्हणाले, "अन् त्या पोराले पुस्तक घरी नेऊ द्या."

मित्रांनो, आता त्या ग्रंथालयात संगणक आलेत आणि त्यांच्या राखणीला पासवर्ड आहेत. ते माझेच नातलग म्हणायचे. कुलूप कितीही पक्कं असलं तरी आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असेल, तर ते काय करणार? तेवढं सांभाळा.

देवमनभाऊंनी नंतर ठेवलेला आकडा आम्हा दोघांनाच ठाऊक होता. ते आता नाहीत, कपाटालाही आता दुसरं कुलूप आहे. मी मात्र तो अजून कोणाला सांगितलेला नाही.