पाठमोरी फुलं

रानफुलांच्या पुस्तकासाठी आलेलं चित्र संपादकबाईंनी हातभर लांब धरलं. "अगं, फुलांना पाठमोरं कोण काढतं? त्यातून दोन्ही पिवळी, दोन्ही सारखीच. हे पान गाळू या."

लेक झाल्यानंतरचं चित्रकर्तीचं हे पहिलं काम. भिंगरीचा डोळा लागला की ब्रश धरायचा, ती चुळबुळली की ठेवायचा. मुळात कल्पनाही भिंगरीचीच. ती पोर फूल आणायची ते फुलाचं डोकं खाली करूनच. तसं बघता बघता आईच्या ध्यानात आलं, समोरून जुळ्या बहिणी वाटणारी ही दोन फुलं पाठीमागून अगदी वेगळी आहेत.

"दोन्ही फुलं आणलीयत," ती धीर करून म्हणाली. "या विषयातलं काही न कळणाऱ्या माणसाला चित्र दाखवा. ओळखता नाही आली तर खुशाल गाळा."

"असं माणूस आणू कुठून?"

दाराशी नातीला कडेवर घेऊन सासूबाई उभ्या होत्या. आयुष्यभर त्यांनी शर्ट शिवले होते आणि सुनेच्या कामाला त्या 'गवत रंगवणं' म्हणत.

"आजी, जरा या बरं." बाईंनी दोन्ही फुलं त्यांच्या हातात दिली. "यातलं कुठलं फूल कुठल्या चित्रातलं?"

सुनेनं डोळे मिटले. आजवर सासूबाईंनी चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"दोन्ही एकच की गं!" सासूबाई म्हणाल्या. "उगीच काय चेष्टा लावलीय म्हातारीची?"

तेवढ्यात भिंगरीनं त्यांच्या हातातली फुलं ओढली आणि सवयीनं उलटी केली. सासूबाई थबकल्या. मग चित्रावर वाकल्या.

"थांबा थांबा. हिची ही मागची हिरवी कॉलर बघा, पार खाली दुमडलीय, आणि देठ सरळ, एकटा. ही डावीकडची. हिची कॉलर अंगाला चिकटून ताठ, देठाला फाटे. ही उजवीकडची. शिवणच वेगळी आहे हो दोघींची!"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पान राहू दे," त्या हसून म्हणाल्या. "आणि पाठमोरंच राहू दे."

बाहेर पडताना सुनेला हसू आवरत नव्हतं. सासूबाई मात्र फाटकावरच्या पहारेकऱ्यापाशी थांबल्या, ओळख ना पाळख.

"इथे फुलांचं पुस्तक निघतंय ना, त्यात आमच्या सुनेचं पान आहे बरं. फूल उलटं धरून बघायचं असतं, म्हणजे कळतं."

"गवत आहे ते, आई," सून हळूच म्हणाली.

"तू गप गं. तुला काय कळतंय त्यातलं!"