नकाशात नसलेलं स्वयंपाकघर

लिनारेस गावातल्या त्या गल्लीत परवाना काढून घर बांधलेलं एकही माणूस नव्हतं, आणि एडेल्मिराला त्या सगळ्यांचा तिटकारा होता. सगळ्यात जास्त शेजारच्या बाउदिलिओचा. हा पेशानं गवंडी. स्वतःच्या घरावर त्यानं मजला चढवला, जिनाही केला, पण जिना संपतो तिथं दार ठेवायचंच विसरला. घरातली माणसं खिडकीतून आत शिरत.

एडेल्मिरा एकसष्ट वर्षांची विधवा. शाळांचे गणवेश शिवायची. मागच्या अंगणात तिला शिवणकामासाठी खोली हवी होती. नियमांचं पुस्तक तिनं तीनदा वाचलं. आराखड्यावर आर्किटेक्टची सही लागते असं त्यात होतं. विटा कुणी रचाव्यात याबद्दल अवाक्षर नव्हतं. मग विटा आपणच रचू, असं तिनं ठरवलं.

"कागदावर कधी घर उभं राहतं होय, शेजारीणबाई?" बाउदिलिओ कुंपणावरून ओरडला.

"नाही राहत. पण बिनदाराचा जिना तरी कागदावर कुणी काढत नाही."

परवान्यासाठी ती नगरपालिकेत गेली. काचेमागच्या कारकुनानं मान वर न करताच सांगितलं, "घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा."

"तो दफनभूमीत आहे. त्याला कितवा नंबर देताय?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कारकुनानं अर्जाला जोडायला दप्तरातला तिच्या घराचा मंजूर नकाशा काढून दिला.

बाहेरच्या बाकावर बसून तिनं तो उघडला. दोन खोल्या, न्हाणीघर, बोळ. पुढं काहीच नाही. स्वयंपाकघर नकाशात नव्हतंच. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, नोल्बेर्तोनं, ते बांधलं होतं. "कागदपत्रं चोख करून आलोय" म्हणाला होता, वर चार लोकांना बोलावून मांस भाजलं होतं. आणि आमचं सगळं रीतसर आहे, असं ती तेव्हापासून गल्लीभर सांगत आली होती.

घरी येऊन तिनं शिवणाची टेप घेतली आणि हद्दीच्या दगडापासून स्वयंपाकघराची भिंत मोजली. भिंत चाळीस सेंटीमीटर बाउदिलिओच्या जागेत होती. पुन्हा मोजली. तेवढीच.

त्याला आपणहून कळण्याआधी आपण सांगितलेलं बरं, म्हणून ती दात-ओठ खात कुंपणाशी गेली.

"त्यात नवीन काय?" बाउदिलिओ म्हणाला. "ती भिंत मी आणि नोल्बेर्तोनं मिळून बांधली. तुमचं टेबल मावत नव्हतं, म्हटलं घे माझ्यातली जरा जागा."

"आणि परवाना?"

"काढायला निघाला होता हो बिचारा. वाटेत घोड्यांची शर्यत लागली."

"सव्वीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही?"

"तुमचा तोरा बघून बोलणार कोण, बाई? राहू द्या भिंत. मी कुठं तक्रार करतोय?"

"तुमच्या मेहरबानीवर माझी चूल नको."

सोमवारी तिनं घण उचलला. दर घावाला ती नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. भिंत मात्र चार घावांतच ढासळायला लागली. आत विटांच्या जागी दारूच्या बाटल्या निघाल्या आणि वर्तमानपत्रांचे बोळे. "हेच ते चोख काम!" ती थुंकली, आणि मग धुळीत बसून जरा वेळ रडली. रडू येतंय याचाही तिला राग आला.

परवाना हातात आल्यावर तिनं नवी भिंत उभारायला घेतली. कमरेइतकी झाल्यावर ओळंबा लावला, तर भिंत कललेली. सांध्यांतला सिमेंटचा माल भुसभुशीत. तिनं ती स्वतःच पाडली.

"विटा भिजवून घ्या," पलीकडून आवाज आला. "कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिऊन टाकते."

दुसऱ्या दिवशी पिंपात विटा भिजत पडल्या होत्या. बाउदिलिओनं त्या पाहिल्या, आणि पहिल्यांदाच तोंड मिटून घरात गेला.

आठ महिन्यांनी खोली झाली, स्वयंपाकघर झालं. तपासणीला तोच कारकून आला. त्यानं भिंतीवर टिचक्या मारल्या आणि विचारलं, "गवंडी कोण होता?"

"समोर उभी आहे."

त्यानं सही केली. गल्लीत कुणी अभिनंदन केलं नाही. उलट, बाईनं चांगली उभी भिंत पाडली म्हणून लोक महिनाभर हसले. आखडलेल्या स्वयंपाकघरात टेबल मावेना. तिनं ते विकून टाकलं. आता संध्याकाळी शिवलेल्या कॉलर बाजूला सारून ती मशीनच्या फळीवरच चहा, पाव आणि अवोकाडो घेते.

तिनं सोडलेल्या चाळीस सेंटीमीटरांत बाउदिलिओनं फुटकी कमोडं आणि गंजलेले पत्रे रचून ठेवलेत. हद्दीवरच्या त्या भिंतीला खिडकी ठेवायची परवानगी नव्हती, हे एक बरं झालं.