मोडका हत्ती

मुलांच्या आवडीची ती प्राण्यांची बिस्किटं जिथं तयार होत, त्या कारखान्यात एक जुना रिवाज होता. सरकत्या पट्ट्यावर जे जनावर मोडेल, ते पॅकिंगच्या बायकांनी घरी न्यावं. त्यामुळे तिथली जनावरं जरा जास्तच नाजूक झाली होती. जिराफाची मान तर नुसतं बघितलं तरी तुटायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांचीच हाताची घडी, तोंडावर बोट.

यात पॅकिंगमधल्या अक्कांचा हात सगळ्यांत सफाईदार. अंगठा जरासा दाबला की हत्तीची सोंड वेगळी, आणि चेहरा असा, जणू हत्तीनंच ती काढून दिली. माल तपासणारी बाई निवृत्त होणार होती. ती जागा अक्कांना द्यायचं साहेबांनी जवळपास कबूल केलं होतं. बसून करायचं काम. अक्कांच्या गुडघ्यांना त्या खुर्चीची स्वप्नं पडायला लागली होती.

अशात मुलांना कारखाना दाखवायचा दिवस आला. अक्कांची दुसरीतली लेक चिमणी कागदी टोपी घालून पट्ट्याशी उभी राहिली. साहेबांनी कौतुकानं तिच्या हातावर गरम, अख्खा हत्ती ठेवला. चिमणीनं अंगठा दाबला. सोंड कटकन तुटली.

"अगं, मोडलास कशाला?" साहेब हसत म्हणाले.

"अख्खे दुकानात जातात. मोडले की आमचे होतात. आई असंच करते."

बायकांनी माना खाली घातल्या. साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी अक्कांकडे पाहिलं.

'हो, करते' एवढंच म्हणायचं होतं. पण अक्कांची जीभ भलतीकडेच वळली.

"काहीही बरळते, साहेब. खोटं बोलायची खोडच आहे तिला."

चिमणी आईकडे बघत राहिली. पोरीला काय कळलं कोण जाणे.

"चुकलं माझं," ती साहेबांना म्हणाली. "मी खोटं बोलले."

साहेबांनी तिच्या टोपीवर टपली मारली. "अक्का, सोमवारपासून तुम्ही तपासणीला बसा," ते म्हणाले आणि पुढं गेले. अक्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारणींनी अभिनंदन केलं, तेही त्यांच्याकडे न बघता.

संध्याकाळी अक्कांनी ताटं वाढली. चिमणी भिंतीशी बसून राहिली.

"जेवायला ये गं."

"नको. खोटं बोललं की जेवायचं नाही, तूच म्हणतेस."

अक्कांचे कान तापले. लाजेनं त्यांना मान वर करवेना.

"खोटं तू नाही बोललीस," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी बोलले. जेव तू."

चिमणी उठून ताटावर बसली. पहिला घास तोंडाशी नेता नेता थांबली.

"मग साहेबांना सांगशील?"

अक्का तिच्या ताटात आणखी भाजी वाढायला लागल्या. चिमणीनं वाट पाहिली, घास ताटात ठेवला आणि ताट मागं सारलं.